काचेच्या कडेची कडकलेली पट्टी

धाराशिव जिल्ह्यात एमएच-२५ क्रमांकाची जुनी मोटार विकत घेताना घेणाऱ्याची नजर इंजिन, टायर, बॅटरी आणि तळाचा गंज यांवरून फिरते. दरवाज्याच्या काचेला बाहेरून लागून असलेल्या काळ्या पट्टीला मात्र क्वचितच कोणी बोट लावून पाहतो. ती तडकलेली, पांढरट पडलेली किंवा एका टोकाने वर उचललेली असली, तरी शोभेची बाब म्हणून तिच्याकडे काणाडोळा केला जातो आणि सौदा ठरताना तिच्या नावाने शे-दोनशे रुपयेही कमी केले जात नाहीत. वस्तुतः पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या मोटारीचे दरवाजे आणखी किती वर्षे टिकणार, हे बऱ्याच अंशी या पट्टीवर ठरते, आणि तसे ते का ठरते हे पट्टीची रचना व तिच्या खालची पत्र्याची पोकळी पाहिल्याखेरीज ध्यानात येत नाही.

या प्रश्नाला अलीकडे पैशाचीही बाजू आली आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी वैध असते आणि त्यानंतर वाहनाची तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले, आणि राज्याचा पर्यावरण कर त्याहून वेगळा. एवढी रक्कम भरून ज्याने पाच वर्षांचा परवाना मिळवला, त्याची गाडी तेवढी वर्षे अंगाने धडही राहायला हवी. जिल्ह्यातील रस्त्यांवर अजून दिसणाऱ्या मारुती ८००, सँट्रो, इंडिका, सुमो, बोलेरो या गाड्यांचे इंजिन दुरुस्त करणारा मिस्त्री तालुक्याच्या गावी हमखास सापडतो, पण दरवाज्याचा पत्रा आतून कुजला की डेंटिंग-पेंटिंगचा खर्च गाडीच्या उरलेल्या किमतीशी बरोबरी करू लागतो. काळ्या-पिवळ्या प्रवासी जीपगाड्यांपैकी ज्यांना कापडी हूड आणि बिनकाचेच्या बाजू असत, त्यांना हे दुखणे ठाऊकच नव्हते. बंद काचांची मोटार घराघरांत आली आणि तिच्याबरोबर हे दुखणेही आले.

गॅरेजमध्ये या पट्टीला काचपट्टी, बाहेरची बीडिंग किंवा नुसते रबर म्हणतात, तर कंपनीच्या सुट्या भागांच्या यादीत तिचे नाव आउटर वेदरस्ट्रिप असे असते. सुटे भाग मागवताना हे शेवटचे नाव वापरणे सोयीचे, कारण ‘दरवाज्याचे रबर’ म्हटले की दुकानदार दरवाज्याच्या चौकटीभोवती बसणारे जाड, पोकळ रबर काढून देतो, जे पूर्णपणे वेगळे असते. काचपट्टी आडवी कापून पाहिली तर तिचे तीन घटक दिसतात: मध्ये पोलादाचा किंवा ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, जो पट्टीला सरळ ठेवतो, त्यावर साच्यातून एकसंध चढवलेले काळे प्लास्टिक किंवा रबर, आणि काचेच्या बाजूला एक किंवा दोन लवचिक ओठ, ज्यांच्यावर नायलॉनच्या किंवा पॉलिएस्टरच्या अतिबारीक तंतूंची मखमलीसारखी लव चिकटवलेली असते. पट्टीची खालची बाजू दरवाज्याच्या बाहेरच्या पत्र्याच्या दुमडलेल्या कडेला चिमट्यासारखी किंवा क्लिपांनी पकडून ठेवते. काच वर-खाली होताना हे ओठ तिच्यावरचे पाणी निपटतात, धूळ अडवतात आणि काच खडखडू देत नाहीत. काचेच्या आतल्या अंगाला अशीच दुसरी पट्टी असते आणि दोन्ही उभ्या कडांना काचेला वाट दाखवणारा रबरी खाचा असतो, ज्याला रन चॅनल म्हणतात. परंतु ऊन, धूळ आणि पाऊस या तिघांचा पहिला मारा बाहेरच्या पट्टीवर होतो, त्यामुळे सर्वांत आधी तीच जाते.

ती कडक का होते, याचे उत्तर ती कशाची बनली आहे यात आहे. जुन्या मोटारींतील बऱ्याच काचपट्ट्यांचे बाह्य आवरण पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजे शेतकऱ्याच्या परिचयाच्या पाइपातले पीव्हीसी असते. शुद्ध पीव्हीसी स्वभावतः ताठ आणि ठिसूळ असते; १९२६ मध्ये अमेरिकेतील बी. एफ. गुडरिच कंपनीत काम करणाऱ्या वाल्डो सीमन या रसायनज्ञाने त्यात विशिष्ट तेलकट द्रव्ये मिसळून ते मऊ व लवचिक करण्याची रीत शोधली. या द्रव्यांना मृदुकारके म्हणतात. पीव्हीसीच्या लांबलचक रेणूसाखळ्यांच्या मध्ये शिरून ती त्यांना एकमेकींवरून सरकू देतात, आणि म्हणूनच शेतातला पाइप व मोटारीची वाकणारी पट्टी एकाच मूळ पदार्थापासून बनू शकतात. अडचण अशी की बहुतेक मृदुकारके साखळ्यांना रासायनिक बंधाने जोडलेली नसतात. उष्णता मिळाली की ती हळूहळू पृष्ठभागावर येतात, उडून जातात किंवा शेजारच्या पदार्थात मुरतात. उन्हात उभ्या राहणाऱ्या नव्या गाडीच्या काचेवर आतून जो चिकट, धुरकट थर साचतो, त्यात डॅशबोर्ड आणि सीटच्या आवरणांतून निघालेल्या अशा द्रव्यांचा मोठा वाटा असतो. मृदुकारक निघून गेले की पट्टी कडक तर होतेच, शिवाय तिचे आकारमान घटून ती आखूडही होते, आणि म्हणून जुन्या पट्टीच्या टोकाशी, आरशाजवळ किंवा दरवाज्याच्या मागच्या कडेला, पत्र्याची उघडी फट दिसू लागते.

उष्णतेच्या जोडीला सूर्यप्रकाशातील अतिनील किरण असतात. त्यांच्या ऊर्जेने पीव्हीसीच्या साखळीतून हायड्रोजन क्लोराइड सुटते, साखळ्या तुटतात किंवा आडव्या जोडल्या जातात, आणि पृष्ठभागावर केसासारख्या चिरा पडतात. वरचा थर झिजल्यावर मिश्रणात भर म्हणून घातलेली खडूची पूड उघडी पडते, आणि पट्टीवरून बोट फिरवल्यास बोटाला लागणारी पांढरट भुकटी हीच असते. काळा रंग देणारी काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, हा अतिनील किरण शोषणारा उत्तम संरक्षक आहे आणि अशा पट्ट्या बहुतांशी काळ्याच असण्यामागे तेही एक कारण आहे. मात्र काळा रंग ऊनही तितक्याच हौसेने शोषतो. रासायनिक क्रियांचा वेग दर दहा अंश सेल्सिअसला सुमारे दुप्पट होतो असा एक ढोबळ नियम आहे, आणि भर उन्हात उभ्या मोटारीची काळी पट्टी सत्तर अंशांच्या आसपास जाऊ शकते.

या बाबतीत धाराशिवचे भौगोलिक स्थान पट्टीच्या मुळावर येणारे आहे. बालाघाटच्या पठारावर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर वसलेल्या या शहराचा अक्षांश १८ अंशांच्या थोडा वर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्याला, म्हणजे पारा चाळिशीच्या घरात असतानाच, माध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि दरवाज्याच्या खांद्यावर आडवी बसलेली, वर तोंड करून असलेली काचपट्टी त्याच्या थेट माऱ्यात सापडते. पर्जन्यछायेच्या या प्रदेशात फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत आकाश बहुधा निरभ्र असते, सावलीची झाडे कमी आणि बंदिस्त गॅरेज त्याहून कमी. हिवाळ्यातील पहाटेचा गारवा आणि दुपारचे ऊन यांतील अंतरही मोठे असते. सत्तर सेंटिमीटर लांबीची पीव्हीसी पट्टी पन्नास अंशांच्या फरकाने दोन मिलिमीटरच्या आसपास लांबते वा आखडते, तर तेवढ्याच लांबीचा पोलादी पत्रा अर्धा मिलिमीटरही हलत नाही. पट्टी नवी असताना ही ओढाताण ती स्वतःच्या लवचिकतेत जिरवते, कडक झाल्यावर मात्र तोच ताण तिला क्लिपांपाशी आणि टोकांशी चिरतो. एकाच जागी, एकाच दिशेला तोंड करून रोज उभ्या राहणाऱ्या गाडीच्या उन्हाकडच्या बाजूच्या पट्ट्या दुसऱ्या बाजूच्या आधी जातात, असे थोड्या निरीक्षणाने कोणालाही पडताळता येईल.

रबराची गोष्ट थोडी निराळी आहे. नैसर्गिक रबराच्या रेणूसाखळीत कार्बनचे दुहेरी बंध असतात, आणि हवेतील ओझोन नेमका त्या बंधांवर घाला घालतो. ताणलेल्या रबरावर ताणाच्या दिशेला काटकोनात ज्या समांतर भेगा पडतात, त्या ओझोनच्या. १९६० च्या दशकाच्या आरंभी बाजारात आलेल्या ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या मुख्य साखळीत असे बंध नसतात, म्हणून ते ऊन, पाऊस आणि ओझोन यांना कितीतरी चांगले तोंड देते, आणि आजच्या गाड्यांतील दरवाज्यांची व काचांची बहुतेक रबरे त्याचीच असतात. त्याचा एक कच्चा दुवा मात्र नेमका आपल्याकडच्या सवयीवर पडतो: खनिज तेलाच्या संपर्कात ईपीडीएम फुगते आणि पिलपिलीत होते. जुनी गाडी विकायला काढताना किंवा दसऱ्याला धुऊन-पुसून उभी करताना काळ्या पट्ट्यांवर आणि बंपरवर डिझेलचा बोळा फिरवण्याची पद्धत गॅरेजांपासून घरच्या अंगणापर्यंत सर्वत्र आहे. त्याने येणारी चमक आठवडाभर टिकते, तेलकट लवेत धूळ घट्ट बसते, आणि रबराचे आयुष्य मात्र कायमचे घटते. पेट्रोल, केरोसीन, जुने इंजिन ऑइल आणि ग्रीस यांनाही हेच लागू आहे.

पट्टी गेल्याचा पहिला परिणाम दिसतो तो काचेवर. लव झडून गेलेला कडक ओठ काचेला घासतो, आणि त्याच्या सांदीत अडकलेले धुळीचे कण प्रत्येक वेळी काच वर-खाली होताना उभ्या रेघा ओढत जातात. काचेची कठिणता मोहस मापनश्रेणीवर साडेपाचच्या आसपास असते. दख्खनच्या बेसॉल्ट खडकातील फेल्डस्पार हे खनिज सहाच्या आसपास, तर बांधकामाच्या वाळूतील क्वार्ट्झ सातवर असते. म्हणजे खडी क्रशरजवळून, मुरमाच्या कच्च्या रस्त्यावरून किंवा उसाच्या ट्रॅक्टरमागून जाताना पट्टीत साठणारी धूळ काचेपेक्षा कठीण असते आणि ती काचेला ओरखडण्यास पुरेशी असते. या रेघा दिवसा फारशा जाणवत नाहीत, परंतु रात्री सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्ग किंवा उमरग्याजवळ मागून येणाऱ्या ट्रकचा प्रखर दिवा बाजूच्या आरशातून डोळ्यांवर आला की तो याच काचेतून फुटून पसरतो. दरवाज्याची काच पॉलिश करून खोल रेघा घालवता येत नाहीत. काचच बदलावी लागते, आणि ती पट्टीच्या कितीतरी पट महाग असते.

दुसरा परिणाम दिसत नाही, म्हणूनच तो अधिक घातक. दरवाजा म्हणजे बाहेरचा आणि आतला असे दोन पत्रे तळाशी एकमेकांवर दुमडून बनवलेली पोकळ पेटी असते, आणि काच ज्या फटीतून खाली जाते त्या फटीतून थोडे पाणी आत शिरणार, हे रचनाकाराने गृहीत धरलेले असते. म्हणून दरवाज्याच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी लहान भोके किंवा चिरा ठेवलेल्या असतात आणि आतल्या पत्र्यावर, शोभेच्या डोअर पॅडच्या मागे, प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो, जो पाण्याला गाडीच्या आत येऊ देत नाही. काचपट्टी धड असते तेव्हा आत जाणारे पाणी थेंबाथेंबाने जाते. ती आखडून फट पडली की पावसाची धारच आत उतरते आणि तिच्याबरोबर मातीही. ही माती तळाशी बसून भोके बुजवते, चिखल महिनोन्‌महिने ओला राहतो, आणि दोन पत्रे जिथे दुमडले आहेत त्या शिवणीत गंज आतून बाहेर पोसत जातो. रंगाचा फोड दरवाज्याच्या खालच्या कडेला बाहेरून दिसू लागतो तोवर आतला पत्रा चाळणी झालेला असतो. काच वर-खाली करणारी यंत्रणा, जिला गॅरेजात सरसकट काचेची मशीन म्हणतात, लॉकच्या सळ्या, पॉवर विंडोची मोटार आणि स्पीकर हे सगळे याच ओल्या पेटीत असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम आणि परंडा तालुक्यांत आलेल्या पुरासारख्या प्रसंगी तर पाणी वरून न येता खालच्या भोकांतूनच दरवाज्यात चढते आणि ओसरताना काळ्या मातीचा गाळ मागे ठेवून जाते. अशा गाडीची पट्टी नवी असली तरी दरवाज्याचा तळ उघडून धुतल्याशिवाय गत्यंतर नसते.

पायाखालचा गालिचा ओला झाला की तो उन्हात वाळवणे, कुबट वासावर सुगंधी डबी ठेवणे आणि काच अडू लागली की काचेची मशीन बदलणे, हा सर्वत्र आढळणारा क्रम म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा प्रकार आहे. मशीन बदलणाऱ्या मिस्त्रीने त्याच वेळी, डोअर पॅड उघडलेच आहे तर, तळाची भोके तारेने मोकळी करून दिली तरी निम्मे काम होते. परंतु मालकाने सांगितल्याशिवाय ते सहसा होत नाही.

दुरुस्ती की बदल, हा निर्णय पट्टीच्या तीन लक्षणांवरून करता येतो. नखाने दाबल्यावर खूण उमटून ती सावकाश भरून येत असेल, पट्टीची टोके जागेवर असतील आणि केवळ रंग विटला असेल, तर पदार्थ अजून जिवंत आहे; तिथे सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, पाण्यात मिसळणारे व अतिनील किरणांपासून संरक्षण देणारे रबर-प्लास्टिकचे द्रावण लावणे पुरते. लव धुळीने चिकटली असेल तर मऊ ब्रशने ती झाडून तिच्यावर सिलिकॉनचा फवारा मारल्यास काचेची करकर थांबते. नख घसरत असेल, पृष्ठभागावर जाळीसारख्या चिरा असतील किंवा टोकाशी फट पडली असेल, तर मात्र कोणतेही द्रावण उपयोगाचे नाही, कारण निघून गेलेले मृदुकारक वरून चोळून परत आत जात नाही; शिळ्या भाकरीला वरून तेल लावले तर ती चकाकेल, मऊ होणार नाही. हीट गनने गरम करून काळेपणा परत आणण्याची जी युक्ती सांगितली जाते, ती पॉलिप्रॉपिलीनच्या बंपरवर काही काळ चालते, पण काचपट्टीवर ती उरलेसुरले मृदुकारकही पळवते. तिसरे लक्षण म्हणजे पट्टी मधेच फुगून वर आलेली दिसणे. याचा अर्थ आतला पोलादी पत्रा गंजला आहे, आणि अशी पट्टी दाबून, चिकटवून किंवा रंगवून काही दिवसही तग धरत नाही.

चिकटवण्याच्या बाबतीत दोन चुका इतक्या सर्रास होतात की त्यांचा वेगळा उल्लेख केला पाहिजे. पहिली म्हणजे क्षणात चिकटणाऱ्या गोंदाचा वापर: सायनोॲक्रिलेट जातीचा हा गोंद वाळल्यावर काचेसारखा ताठ होतो, त्यामुळे हलणाऱ्या आणि उन्हाने लांबणाऱ्या पट्टीवर तो काही दिवसांत तडकतो आणि रंगावर पांढरे डाग तेवढे सोडतो. दुसरी चूक म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे साधे सिलिकॉन फटीत भरणे. वाळताना ज्याला शिरक्यासारखा आंबट वास येतो, ते सिलिकॉन ॲसेटिक आम्ल सोडते आणि उघड्या पोलादावर गंज चढवते; पाणी अडवायला भरलेला पदार्थच पत्रा खाऊ लागतो. शिवाय सिलिकॉन लागलेल्या जागेवर पुढे रंग धरत नाही, त्यामुळे पेंटरही वैतागतो. उचललेले टोक बसवायचेच असेल तर पत्रा स्वच्छ करून ॲक्रिलिक फोमची दुतर्फा चिकटपट्टी किंवा वास न येणारे, तटस्थ जातीचे सीलंट वापरणे योग्य, आणि तेही पुढच्या पावसाळ्यापर्यंतची सोय म्हणूनच.

नवी पट्टी मिळवणे हे गाडीगाडीवर अवलंबून आहे. मारुती ८०० डिसेंबर १९८३ ते जानेवारी २०१४ अशी तीस वर्षे बनत राहिल्याने आणि तिची संख्या प्रचंड असल्याने तिच्या पट्ट्या सोलापूर-लातूरच्या दुकानांत अजूनही सापडतात. बोलेरोचीही तीच गोष्ट. इंडिका आणि सुमो पुण्यातच तयार होत असत, म्हणून त्यांच्या सुट्या भागांचा साठा पुण्याच्या नाना पेठेत शोधण्यात अर्थ आहे. उमरग्याकडच्या लोकांना हैदराबादचा बाजारही तितकाच हाताशी असतो. कंपनीचा माल, नामांकित उत्पादकाचा माल आणि लोकल माल असे तीन दर्जे दुकानात मिळतात. त्यांत किमतीपेक्षा पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे ओठावर लव आहे की नुसते प्लास्टिक, आणि आतला पत्रा दोन्ही टोकांपर्यंत पोहोचतो की नाही. लवेशिवायची स्वस्त पट्टी काचेवर रेघा पाडायला पहिल्या आठवड्यापासूनच सुरुवात करते, तेव्हा तिच्यापेक्षा जुनी फुटकी पट्टी बरी म्हणण्याची वेळ येते. भंगारातल्या गाडीची पट्टी घेण्यात फारसे शहाणपण नाही, कारण तीही तेवढीच उन्हे खाल्लेली असते आणि काढताना हमखास मोडते. तिथून आणावेत ते आरशाजवळचे प्लास्टिकचे कोपरे आणि क्लिपा. मीटरवर मिळणारी सार्वत्रिक रबरपट्टी, जिचा छेद इंग्रजी यू अक्षरासारखा असतो, दरवाज्याच्या कडेला शोभते, पण काचपट्टीच्या जागी बसवल्यास काचेवर तिचा दाब सारखा राहत नाही.

बदलण्याचे काम अवघड नाही. त्यात घाई मात्र चालत नाही. ऐन थंडीच्या सकाळी जुनी पट्टी काचेसारखी फुटते आणि नवी ताठ राहते, तर भर दुपारी रंगाचा थर मऊ असून हत्याराच्या टेकूने दबतो. म्हणून सावलीत उभ्या केलेल्या, पण उबदार हवेतल्या गाडीवर सकाळी उशिरा हे काम करणे सोयीचे. काच पूर्ण खाली करून, पट्टीच्या खालच्या रंगावर कागदी मास्किंग टेप दुहेरी चिकटवावी. पुष्कळ गाड्यांत दरवाजा उघडल्यावर त्याच्या मागच्या कडेला, पट्टीच्या टोकाशी एक लहान स्क्रू असतो, आणि तो न काढता ओढल्यामुळे पट्टी व पत्रा दोन्ही वाकल्याची उदाहरणे कमी नाहीत. पुढच्या बाजूस आरशाच्या आतला त्रिकोणी कोपरा काढावा लागतो, काही गाड्यांत आरसाही. त्यानंतर मागच्या टोकापासून, प्लास्टिकची पट्टी किंवा कापड गुंडाळलेली बोथट लाकडी फळी आत सारून, पट्टी सरळ वरच्या दिशेने उचलायची असते. बाहेरच्या दिशेने ओढणे ही सर्वांची पहिली ऊर्मी असते, आणि तिच्यामुळेच पत्र्याची कड लाटेसारखी वाकते. एकदा वाकलेल्या कडेवर कोणतीही नवी पट्टी घट्ट बसत नाही. जुनी पट्टी तुकड्यातुकड्यांनी निघाली तरी तुकडे फेकू नयेत, कारण डावी-उजवी ओळखायला आणि लांबी ताडून पाहायला तेच उपयोगी पडतात.

उघड्या पडलेल्या कडेची स्थिती पाहिल्यावर या कामाचे खरे प्रयोजन समोर येते. वर्षानुवर्षे साचलेली बारीक तांबूस माती, जुन्या लवेचे गोळे आणि त्यांच्याखाली गंजाची एक रेघ, असे दृश्य बहुतेक जुन्या गाड्यांत दिसते. ती माती आधी सुकी असतानाच ब्रशने बाहेर काढावी, कारण पाणी मारल्यास ती थेट दरवाज्याच्या तळाशी जाऊन भोके बुजवते. गंज पॉलिश पेपरने घासून, पत्रा थिनरने पुसून त्यावर रेड ऑक्साईडचा किंवा जस्तयुक्त प्रायमरचा हात आणि त्यावर रंगाचा हात द्यावा, आणि तो पुरता वाळेपर्यंत पट्टी बसवू नये. हा एक दिवसाचा खोळंबा गॅरेजवाल्यांना नको असतो, पण तो टाळला तर नव्या पट्टीखाली जुना गंज शांतपणे वाढत राहतो. नवी पट्टी आधी नुसती ठेवून दोन्ही टोके जुळतात का हे पाहावे, मग पुढच्या टोकापासून तळहाताने दाबत मागे यावे; क्लिप बसल्याचा टक्‌ असा आवाज प्रत्येक ठिकाणी आला पाहिजे. हातोडी वापरायची झाल्यास रबराची, आणि तीही हलक्या हाताने. पहिल्यांदा काच वर घेण्यापूर्वी ती ओल्या कापडाने पुसून घ्यावी, ओठावर सिलिकॉनचा हलका फवारा मारावा आणि काच अडखळते का हे पाहावे. नवी लव असल्याने सुरुवातीचे काही दिवस काच किंचित जड जाते, ते स्वाभाविक आहे.

ॲम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांच्या समोरच्या काचेभोवतीचे रबर हा या विषयातला जुना आणि हुन्नरी कामाचा भाग आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीची शेवटची मुंबईची टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून निवृत्त झाली, तरी हौसेने सांभाळलेल्या पद्मिनी महाराष्ट्रात अजूनही आहेत आणि त्यांच्या मालकांना हे रबर हमखास बदलावे लागते. या रबराला दोन खाचा असतात, एकीत काच बसते आणि दुसरीत गाडीच्या पत्र्याची कड, तर बाहेरच्या अंगाला चकचकीत धातूची पट्टी शोभेसाठी असते. जुने रबर दगडासारखे झाले असल्यास ते कापूनच काढतात. नवे रबर आधी काचेला चढवून, त्याच्या पत्र्याकडच्या खाचेत सुताची मजबूत दोरी सबंध घेराने बसवतात, तिची दोन्ही टोके खालच्या बाजूला एकमेकांवरून आत सोडतात आणि खाच साबणाच्या पाण्याने निसरडी करतात. मग एक जण बाहेरून तळहातांनी काच दाबून धरतो आणि दुसरा आत बसून दोरी सावकाश, काचेच्या मध्याच्या दिशेने ओढतो; दोरी निघत जाते तसतसा रबराचा आतला ओठ पत्र्याच्या कडेवरून पलटत जातो आणि काच जागेवर बसते. बाहेरच्याचा हात आणि आतल्याची ओढ एका लयीत नसतील तर ताण एका कोपऱ्यात साठून काच तडकते, म्हणून जाणते कारागीर हे काम अनोळखी जोडीदाराबरोबर करायला तयार होत नाहीत. अलीकडच्या गाड्यांत समोरची काच पॉलियुरेथेनच्या गोंदाने पत्र्याला जोडलेली असते आणि छताच्या मजबुतीत तिचा वाटा असतो; तिच्या कडेची पट्टी उचलली असेल तर ते काम घरी न करता काचेचेच काम करणाऱ्याकडे द्यावे.

बदललेल्या काचपट्टीची परीक्षा मृगाच्या पावसाची वाट न पाहता करता येते. काच बंद करून, तांब्याभर पाणी काचेच्या मध्यावर बाहेरून सावकाश ओतायचे आणि दरवाज्याच्या तळाशी लक्ष ठेवायचे. पट्टी आणि भोके दोन्ही ठीक असतील, तर बहुतेक पाणी बाहेरच्या पत्र्यावरून ओघळते आणि आत गेलेले थोडेसे पाणी काही क्षणांत तळाच्या भोकांतून टपकते. काहीच टपकले नाही आणि दरवाजा हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला, तर भोके अजून बुजलेली आहेत आणि ती खालून तारेने मोकळी करावी लागतील. तळातून पाणी नीट निघत असूनही डोअर पॅडच्या खालच्या कडेला किंवा गालिच्यावर ओल आली, तर दोष पट्टीचा नसून पॅडमागच्या प्लास्टिकच्या पडद्याचा आहे, जो कधीतरी काचेची मशीन काढताना फाडला गेलेला असतो आणि परत चिकटवलेला नसतो. त्या जागी जाड प्लास्टिकचा नवा तुकडा कापून, त्याची खालची कड दरवाज्याच्या पोकळीत आत वळवून चिकटवावी लागते.